पाणी आत घेणारं घड्याळ

म्हैसूरला देवराज मार्केटच्या तोंडाशी चिक्क गडियार आहे, म्हणजे धाकटं घड्याळ. थोरलं, दोड्ड गडियार, तिथून चालत काही मिनिटांवर; त्याच्या तबकडीवरचे आकडे कानडी. या दोन मनोऱ्यांच्या मधल्या एका बोळात एक वयस्कर घड्याळजी बसतात आणि त्यांच्या दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर मी गेली कितीतरी वर्षं जाऊन बसतो. जुन्या घड्याळांचं वेड मला तिथंच लागलं. एका पावसाळ्यात त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच माझ्या हातात एक घड्याळ ठेवलं. बंगळूरच्या कुणा संग्राहकानं सर्व्हिसिंगला पाठवलेलं. जाडजूड पोलादी केस, काळी डायल, आणि मागच्या झाकणाला चक्क भोकं.

मी म्हटलं, "अण्णा, यात पाणी शिरेल की."

ते म्हणाले, "शिरायलाच हवं. त्यासाठीच केलंय."

ते फेवर-ल्युबाचं 'बाथी' होतं.

फेवर-ल्युबा हे नाव मराठी घरांना नवं नाही. सासऱ्यानं जावयाला लग्नात दिलेलं, वडील गेल्यावर कपाटातल्या डब्यात सापडलेलं, रोज चावी द्यावी लागणारं 'सी किंग' किंवा 'सी चीफ' अजून कित्येकांकडे आहे. नावात समुद्र असला तरी ती बुडी मारायची घड्याळं नव्हेत. पेढी मूळची स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लची, १७३७ची. १८६५मध्ये तिनं मुंबईत पाय रोवला आणि पुढची शंभर वर्षं आपल्याकडे स्विस घड्याळ म्हटलं की हेच नाव ओठांवर यायचं. त्यानंतरची एचएमटी आणि टायटनची कथा सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देतो. इकडे जावई 'सी किंग' मिरवत होते तेव्हा तिकडे त्या पेढीत काय चाललं होतं, ते मला सांगायचं आहे.

१९६२ साली तिनं 'बिव्हुआक' काढलं. हवेच्या दाबावरून उंची सांगणारं हे मनगटी घड्याळ. इटलीचा गिर्यारोहक वॉल्टर बोनाती १९६४मध्ये आल्प्समधल्या ग्रांद जोरासच्या उत्तर कड्यावर ते घालून गेला, १९७५मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या महिला जुन्को ताबेई यांच्या हातातही तेच होतं, असं कंपनी अभिमानानं सांगते. दाब मोजून उंची कळते, तर खोलीही कळायला हवी. त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'बाथी' आलं ते या विचारातून. एक प्रकार ५० मीटरपर्यंत मोजणारा, दुसरा १६० फुटांपर्यंत.

त्याची रचना मला आजही थक्क करते. घड्याळाचं मशीन वरच्या कप्प्यात, पूर्ण बंद. खालच्या कप्प्यात धातूचा पातळ पडदा. मागच्या भोकांतून पाणी आत येतं, पडद्यावर दाबतं, पडदा किंचित लवतो आणि ती हालचाल वाढवून डायलवरच्या काट्यापर्यंत पोहोचवली जाते. बॅटरी नाही, काही नाही. जगातला प्रत्येक घड्याळवाला पाण्याला बाहेर ठेवायला धडपडत असताना इथं कुणीतरी पाण्यालाच कामाला लावलं.

उंची आणि खोली एकाच तत्त्वानं मोजायची असली तरी दोन्हींत केवढा फरक आहे, हे म्हैसूरकराला चटकन समजेल. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७६० मीटरवर. हजार पायऱ्या चढून चामुंडी बेट्टावर गेलं की आपण जवळजवळ ३०० मीटर वर येतो. तेवढ्या चढात हवेचा दाब जितका कमी होतो, तितकाच दाब पाण्यात अवघं एक फूटभर खाली गेलं की वाढतो. धाप लागेपर्यंत चढलेला आख्खा डोंगर पाण्यात एका फुटात मावतो! 'बिव्हुआक'मधली हवेचा दाब झेलणारी डबी म्हणूनच हळवी आणि 'बाथी'चा पडदा राकट.

खोली आम्हा म्हैसूरकरांना फुटांतच कळते. पावसाळ्यात इथला माणूस सकाळी पेपर उघडून आधी केआरएसची, म्हणजे कृष्णराजसागर धरणाची, पातळी बघतो. धरण भरलं की १२४.८० फूट. हा आकडा १६० फुटी 'बाथी'च्या डायलवर आरामात बसतो. पण ते घालून तिथं कुणी उतरलाच, तर काटा थोडा कमी दाखवेल. कारण घड्याळ समुद्रासाठी जुळवलेलं. कावेरीचं पाणी गोडं, म्हणून हलकं, आणि या उंचीवर वरून दाबणारी हवाही विरळ. नुसत्या हवेपायीच जवळपास तीन फुटांचा हिशेब चुकतो.

खोली कळणं का महत्त्वाचं? अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यांनुसार ६० फुटांवर ६० मिनिटं राहून पाणबुड्या थेट वर येऊ शकतो. १०० फुटांवर ती मुभा २५ मिनिटांची, १३० फुटांवर फक्त १० मिनिटांची. त्याहून जास्त राहिलं तर रक्तात मुरलेला नायट्रोजन वर येताना जिवावर उठू शकतो. म्हणजे वेळ हे अर्धंच उत्तर. पाणबुड्यांच्या बहुतेक नामांकित घड्याळांनी या अर्ध्या उत्तरावरच नाव कमावलं. वेळ आणि खोली एकाच डायलवर आणणाऱ्या 'बाथी'ला मी म्हणूनच त्यांच्या वर ठेवतो.

या घड्याळांचा लष्करी अवतारही पाण्यातूनच आला. दुसऱ्या महायुद्धात इटलीचे पाणसैनिक पानेराईची घड्याळं बांधून शत्रूच्या बंदरांत शिरत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो यांनी आपल्या पाणसैनिकांसाठी अटी घातल्या आणि त्यातून ब्लांपेंचं 'फिफ्टी फॅदम्स' झालं. काळी डायल, ठसठशीत रेडियमचे काटे, बाहेरची फिरती कडी. पुढे ही कडी एकाच दिशेनं फिरेल अशी पक्की झाली. धक्का लागून ती सरकली, तर गेलेला वेळ जास्तच दिसावा, कमी कधीच दिसू नये. नळकांड्यात हवा किती उरली याचा अंदाज त्यावर असतो. आज दुकानात 'मिलिटरी डाइव्हर' म्हणून जे मिळतं त्यातल्या प्रत्येक खुणेमागे असा कुणाचा तरी जीव आहे. हौसेनं ते ऑफिसला घालणाऱ्यानं एवढं तरी माहीत करून घ्यावं.

पाणसैनिकांचा विषय निघालाच आहे, तर इथं एक मराठी नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. कॅप्टन मोहन नारायण राव सामंत. 'आयएनएस करंज' या पाणबुडीचे पहिले कमांडर. १९७१मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या तरुणांना भारतीय नौदलानं प्लासीजवळ भागीरथीत पोहायला आणि सुरुंग लावायला शिकवलं. त्या मोहिमेची सूत्रं सामंतांच्या हाती होती. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज या बंदरांतली जहाजं उडाली. हल्ल्याची वेळ सांगितली ती आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून लावलेल्या दोन बंगाली गाण्यांनी. सुरुंगाचं घड्याळही पाण्याचंच होतं: पाण्यात विरघळणारी एक गोळी. ती विरघळली की स्फोट. पोहणाऱ्याला निसटायला तेवढा वेळ पुरेना, तेव्हा त्या गोळीवर निरोध चढवायची युक्ती निघाली. जहाजापाशी पोहोचल्यावर तो काढायचा, म्हणजे वेळ तिथून सुरू. सामंतांना महावीर चक्र मिळालं. आपल्याकडे हे नाव शाळेत शिकवलं जात नाही, याचं मला दुःख आहे.

पाण्याचीच एक तिसरी गोष्ट आहे, आणि संग्राहकांच्या जगात सर्वांत जास्त भांडणं तिच्यावरून होतात. 'मुंबई स्पेशल'. जगभरचे शौकीन हा शब्द नाक मुरडून वापरतात. जुनं मशीन, घासून चकचकीत केलेली केस आणि नव्यानं रंगवलेली डायल: मोरपिशी, नारिंगी, कधी मूळ कंपनीनं जन्मात न केलेल्या रंगाची. मीही एकदा असंच एक 'समुद्री' फेवर-ल्युबा भरपूर पैसे मोजून घेतलं. घड्याळजींनी भिंगाखाली धरून दाखवलं. अक्षरांची जाडी सारखी नव्हती, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या, तळाशी 'स्विस मेड' सहाच्या मध्यावर नव्हतं. तो आठवडा मी फार चिडून काढला.

पण चौकशी करत गेलो तसा राग निवळला. मुंबईच्या पावसानं आणि दमट हवेनं डायलवर डाग पडत, काटे गंजत. नवं घड्याळ परवडत नसे, मूळ डायल मिळत नसे. गिऱ्हाईक म्हणे, नव्यासारखं करून द्या. मग कारागीर जुना रंग उतरवून नवा थर देत आणि कोरलेल्या प्लेटवरची अक्षरं रबरी बोंड्यानं उचलून डायलवर उमटवत. बाजरीच्या दाण्याएवढी अक्षरं! ती प्रामाणिक दुरुस्ती होती. फसवणूक सुरू झाली ती रंगवलेली डायल मूळची म्हणून विकायला लागल्यावर, आणि ती करणारा रंगाऱ्यापेक्षा विक्रेता अधिक. 'रंगवलेलं आहे' एवढं स्पष्ट सांगून कुणी विकत असेल तर माझा त्याला नमस्कार.

१९८०च्या दशकात डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि 'बाथी'चं काम संपलं. २०११मध्ये टायटननं फेवर-ल्युबा विकत घेतलं, आणि मुंबईनं मोठं केलेलं हे नाव काही वर्षं बंगळूरच्या मालकीचं राहिलं. त्याच काळात 'रेडर बाथी १२०' आलं: १२० मीटरपर्यंत मोजणारं, गाठलेली सर्वांत मोठी खोली लक्षात ठेवणारं, टायटॅनियमचं, ४८ मिलिमीटर रुंद. शौकिनांची तक्रार एकच: मनगटावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसतं. मला ते मान्य नाही. ज्याच्या पोटात दाबमापक आहे त्यानं बाहीखाली लपावं ही अपेक्षाच चूक. आता मालकी एथॉस समूहाकडे गेली आहे आणि २०२४मध्ये 'डीप ब्लू' नव्यानं बाजारात आलं. सुबक आहे. पण पाणी आत घेत नाही.

तुमच्या घरात आजोबांचं एखादं जुनं घड्याळ असेल, तर एवढं करा. डायल डागाळलेली असली तरी रंगवू नका. जाणत्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या, आतले क्रमांक वहीत उतरवा, घड्याळ कुणी कधी घेतलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली लिहा. आणि त्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी नळाखाली धरू नका. आतला रबर कधीच वाळून गेलेला असतो.