हिरड्या गुलाबी आहेत ना?

दोस्तांनो, तुमच्या घरी कुत्रा आहे का? असेल तर आज एक गंमत करा. तो निवांत पडलेला असताना त्याचा वरचा ओठ हळूच उचला आणि हिरड्या पाहा. छान गुलाबी दिसतात ना? आता हिरडीवर बोटानं अलगद दाबा आणि बोट काढून घ्या. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. झालं! सुई न टोचता तुम्ही त्याच्या रक्ताची खबर घेतलीत. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहायची. मात्र हा प्रयोग फक्त घरच्या कुत्र्यावर करायचा हं, गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यावर नाही!

तुम्ही म्हणाल, हिरड्या बघून करायचंय काय? ऐका तर.

समजा, तुमचा मोती परवापर्यंत फाटकाशी धावत येत होता. काल त्यानं अर्धं जेवण टाकलं. आज दोन पायऱ्या चढला आणि धापा टाकत खाली बसला. लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली. ओठ उचलून पाहता तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, आणि डोळ्यांवर हळदीचा हात फिरवल्यासारखी पिवळी झाक. अंगावर जखम नाही, कुठे रक्त सांडलेलं नाही. मग मोतीचं रक्त गेलं कुठे?

पहारेकऱ्यांची गफलत

आपल्या शरीरात जसे रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी असतात, तसेच कुत्र्याच्याही असतात. बाहेरचा जंतू शिरला की त्याच्या अंगावर ‘हा चोर’ अशी चिठ्ठी चिकटवली जाते. या चिठ्ठ्या म्हणजेच प्रतिपिंडं. चिठ्ठी दिसली की भक्षक पेशी येतात आणि चोराला गट्ट करतात. रोज, गुपचूप, हे काम चालू असतं.

पण कधीकधी या पहारेकऱ्यांची गफलत होते. ते घरच्याच माणसांच्या पाठीवर ‘चोर’ अशी चिठ्ठी लावत सुटतात. मोतीच्या बाबतीत ही घरची माणसं म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी. शरीरभर प्राणवायू पोचवणारे ते बिचारे हमाल! प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी त्यांना भराभर खाऊ लागतात. काही पेशी तर रक्तवाहिनीतच फुटतात. कुत्र्याची तांबडी पेशी एरवी साधारण ११० ते १२० दिवस जगते. इथे ती काही दिवसांतच संपते. या रोगाला डॉक्टर ‘इम्यून-मीडिएटेड हिमोलिटिक अॅनिमिया’ म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा: आपल्याच प्रतिकारशक्तीनं तांबड्या पेशी फोडल्यामुळे आलेला पांडुरोग.

शरीर असं स्वतःवर उलटेल, हे एकेकाळी मोठ्या शास्त्रज्ञांनाही पटत नव्हतं. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं होतं की, शरीर असा आत्मघात टाळतंच. पण १९०४ साली व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी माणसाच्या एका आजारात नेमकं हेच घडतं, असं दाखवून दिलं. तोही रक्ताचाच आजार होता. हे लँडस्टायनर म्हणजे माणसाचे रक्तगट शोधणारेच, बरं का!

पेढ्याचा झाला लाडू

आता डॉक्टर हा रोग ओळखतात कसा? निरोगी तांबडी पेशी पेढ्यासारखी असते, मधे अंगठ्यानं दाबलेली. भक्षक पेशीनं तिच्या कडेचा लचका तोडला की उरलेली पेशी आक्रसून गोल होते. पेढ्याचा होतो लाडू! सूक्ष्मदर्शकाखाली असे छोटे, गच्च लाडू पुष्कळ दिसले की डॉक्टर सावध होतात.

दुसरी युक्ती आणखी सोपी. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सलाईनचं पाणी मिसळायचं आणि पट्टी हलवायची. निरोगी रक्त पाण्यात एकसारखं पसरतं. या रोगात मात्र चिठ्ठ्या लागलेल्या पेशी एकमेकींना चिकटून रक्त रवाळ तुपासारखं दाणेदार दिसू शकतं.

तिसरी आहे कूम्ब्स चाचणी. रॉबिन कूम्ब्स यांनी दोन सहकाऱ्यांसह ती १९४५ साली केंब्रिजमध्ये जगापुढे ठेवली. पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडं ती शोधून काढते. आज जगभरच्या माणसांच्या दवाखान्यांत ही चाचणी करतात. आणि गंमत म्हणजे कूम्ब्स शिकले होते पशुवैद्यकी. जनावरांचा डॉक्टर माणसांच्याही कामी आला!

गोचिडाची करामत

पहारेकरी का बिथरतात? पुष्कळदा कारण सापडतच नाही. कॉकर स्पॅनियलसारख्या काही जातींत हा रोग जास्त दिसतो. पण आपल्या देशात एका संशयिताची झडती घ्यावीच लागते. तो म्हणजे गोचीड!

गोचीड चावलं की ‘बबेसिया गिब्सनी’ नावाचा सूक्ष्म परजीवी कुत्र्याच्या रक्तात शिरू शकतो आणि थेट तांबड्या पेशींत ठाण मांडतो. त्याची पहिली नोंद आपल्याच देशातली. १९१० साली पॅटन यांनी मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या आणि एका कोल्ह्याच्या रक्तात तो पाहिला. चोर घरात लपला की पहारेकरी घरावरच लाठ्या चालवतात, तसं मग होऊ शकतं. म्हणून या रोगाचं निदान करताना डॉक्टर गोचीडतापाची तपासणीही करतात. परजीवी सापडला तर त्याचं औषध आधी द्यावं लागतं.

डॉक्टर काय करतात?

पहिलं काम, पहारेकऱ्यांना शांत करणं. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. कधी जोडीला दुसरं औषध असतं. दुसरं काम, रक्ताच्या गुठळ्या टाळणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण एकीकडे रक्त कमी होत असतं आणि दुसरीकडे उरलेलं रक्त गोठायला बघतं. अशी गुठळी फुप्फुसात अडकली तर घात होतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध देतात.

तिसरं काम, गरज पडली तर रक्त चढवणं. होय, कुत्र्याला कुत्र्याचंच रक्त! बारीक नळीत रक्त घालून गरगर फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात. निरोगी कुत्र्यात त्या शंभरातले साधारण ३७ ते ५५ भाग भरतात. हा आकडा पंधराच्या आसपास घसरला की जीव धोक्यात येतो. हाडांच्या पोकळीतल्या मगजात नव्या पेशी तयार होतात खऱ्या, पण या कारखान्याला वेग घ्यायला तीन ते पाच दिवस लागतात. तोपर्यंत दुसऱ्या कुत्र्याचं उसनं रक्त मोतीला तगवून धरतं.

हे रक्त देतं कोण? साधारण पंचवीस किलोंहून जास्त वजनाचा, एक ते आठ वर्षांचा, सगळ्या लसी घेतलेला धडधाकट कुत्रा. तो एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त देऊ शकतो. चेन्नईच्या मद्रास व्हेटर्नरी कॉलेजात कुत्र्यांची रक्तपेढी आहे. पण अशी पेढी गावोगावी नाही. मग शेजारच्या वाड्यातला एखादा टायगर उपयोगी पडतो! कुत्र्यांचेही रक्तगट असतात, म्हणून आधी दोघांचं रक्त जुळतं का ते पाहतात.

आता तुमची पाळी

मोती दवाखान्यातून घरी आला की अर्धं काम संपलेलं असतं. उरलेलं अर्धं घरच्यांचं, म्हणजे तुमचंही.

१. एक वही घाला. रोज सकाळी हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग, किती खाल्लं, औषध किती वाजता दिलं, हे लिहा. डॉक्टरांना ‘जरा बरा वाटतो’ या वाक्यापेक्षा तुमची वही जास्त सांगते.

२. तो गाढ झोपला की घड्याळ घेऊन बसा. छाती वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास असावेत. पुन्हा पुन्हा जास्त भरले तर मोठ्यांना सांगा. एकदम धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी हाक मारा.

३. गोळ्या मोठ्यांनीच द्यायच्या. काही गोळ्या हातमोजे घालूनच हाताळाव्या लागतात. तुमचं काम आठवण करून देण्याचं. मोती टुणटुणीत दिसला म्हणून गोळी बंद करायची नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवणं कमी करतं. औषध एकदम थांबवलं तर तो कोसळू शकतो, शिवाय रोगही उलटतो. डॉक्टर डोस पायरीपायरीनं उतरवतात. त्याला चार ते आठ महिनेही लागतात.

४. या औषधानं मोतीला सारखी तहान लागेल, भूक खवळेल. घरात लघवीही होईल. तेव्हा त्याला रागवू नका. तो औषधाचा दोष आहे, मोतीचा नाही. पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा आणि त्याला जास्त वेळा बाहेर न्या. पण भूक लागली म्हणून मागेल तेवढं द्यायचं नाही.

५. कांदा-लसूण बंद, तोही कायमचा! आपल्या ताटातल्या रश्श्यातला, भाजीतला कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. हे निरोगी कुत्र्यालाही लागू आहे. कच्चं मांसही नको, कारण सध्या त्याचे पहारेकरी झोपवलेले आहेत. आणि आपली तापाची, डोकेदुखीची गोळी तर मुळीच नाही. पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी ठरू शकतं.

६. पळापळ नको, चेंडू नको. अनोळखी कुत्र्यांत मिसळणं काही दिवस नको. नुसतं जवळ बसा, गोष्टीचं पुस्तक वाचा. त्याला तेवढं पुरतं.

७. गोचीड दिसलं तर मोठ्यांकडून चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढून घ्या. बोटांनी चिरडू नका. आणि फक्त कुत्र्याचं अंग पाहून भागत नाही. गोचिडं भिंतीच्या फटीत, पायपुसण्याखाली, कुत्र्याच्या खोक्यात दडतात. तिथेही पाहा.

एक खरं सांगायला हवं

दोस्तांनो, हा रोग फार वाईट आहे. सगळे उपचार करूनही बरीच कुत्री वाचत नाहीत. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. जी ते पार करतात त्यांतली पुष्कळशी पुढे चांगली जगतात. काहींचा आजार पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून ती वही लगेच रद्दीत टाकायची नाही.

आणि समजा, तुमचा मोती नाहीच वाचला तर? तर तुम्ही रडाल, आणि रडायलाच हवं. पण ‘मी त्या दिवशी त्याला पळवलं म्हणून झालं’, ‘मी रागावलो म्हणून झालं’ असं मनात आणायचं नाही. हा रोग कुणाच्या रागावण्यानं होत नाही. तो तुमच्यापासून मोतीला किंवा मोतीपासून तुम्हाला लागतही नाही.

आई-बाबांशी दोन शब्द

हा उपचार खर्चिक आणि लांबणारा आहे. रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आता काय केलंच पाहिजे, काय थांबू शकतं, आणि रात्री त्रास झाला तर न्यायचं कुठे? मोठ्या गावांतल्या पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालयं लक्षात ठेवा. मुंबईत परळचं महाविद्यालय १८८६ सालापासून हे काम करतं आहे. पुढच्या लसींचं काय करायचं, विशेषतः रेबीजच्या लसीचं, ते मनानं ठरवू नका, डॉक्टरांनाच विचारा.

आणि मुलांपासून काही लपवू नका. ‘त्याला गावाला पाठवलं’ ही थाप मुलं ओळखतात. त्यांना वही द्या, घड्याळ द्या, एक ठरलेलं काम द्या. जो मुलगा किंवा मुलगी चार महिने न चुकता एका मुक्या जीवाचे श्वास मोजते, तिला दुसऱ्याचं दुखणं ओळखायला वेगळं शिकवावं लागत नाही.

दोस्तांनो, शेजारी कुणाकडे धिप्पाड, गुणी कुत्रा आहे का? त्याच्या मालकाशी आजच ओळख करून घ्या. त्याच्या लसी झाल्यात का, वजन किती, तो रक्त देऊ शकेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. अशा चार कुत्र्यांची नावं आणि मालकांचे फोन नंबर लिहून ती यादी गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात देऊन या. कुणाच्या तरी मोतीला एखाद्या रात्री ती लागेल.