माळावरचे सोबती

कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर महामार्गाच्या जवळ, कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या माळावर एक मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. तिला कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत असे म्हणतात. रुंद रस्ते, कापडाच्या गिरण्या, ओतशाळा आणि यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने यांनी हा माळ गजबजून गेला आहे. भोंगा झाला की एका पाळीचे कामगार बाहेर पडतात आणि दुसऱ्या पाळीचे आत शिरतात. येथील यंत्रांना विश्रांती ठाऊक नाही.

पण याच परिसरात कधी कधी एक निराळे दृश्य नजरेस पडते. मालाने भरलेल्या मोटारी रस्त्यावर थबकतात आणि त्यांच्या पुढून काळ्याभोर मेंढ्यांचा कळप संथपणे पलीकडे जातो. कळपाच्या पुढे एक मेंढपाळ असतो. त्याच्या डोक्यावर पटका, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी असते. मागून येणारे कुत्रे रेंगाळणाऱ्या मेंढ्यांकडे लक्ष ठेवून असतात. कारखाने येण्यापूर्वी कित्येक शतके या माळाला ज्यांची सोबत होती, ते हे धनगर होत.

धनगर समाज महाराष्ट्राच्या बहुतेक सर्व भागांत पसरलेला आहे. या समाजात अनेक पोटशाखा आहेत. हटकर धनगर प्रामुख्याने मेंढ्या पाळतात. सह्याद्रीच्या रानात राहणारे डंगे धनगर गाई-म्हशी राखतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत त्यांच्या छोट्या वस्त्या आहेत व त्यांस धनगरवाडे म्हणतात. लोकरीचे विणकाम करणारे ते सनगर. अशा रीतीने कोणी लोकर पिकवितो, तर कोणी ती विणतो.

मेंढपाळाचे जीवन हे चालत्या माणसाचे जीवन असते. एका जागी चारा फार दिवस पुरत नाही, म्हणून कळपाला हलावे लागते. परंतु हे हिंडणे वाटेल तसे भटकणे नव्हे. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो. पावसाची झड मेंढ्यांस सोसत नाही. सततच्या ओलीने त्यांच्या खुरांना रोग जडतात. म्हणून जोराच्या पावसाच्या मुलखातील कळप पावसाळ्यात पूर्वेकडील कोरड्या माळांकडे वळतात आणि पाऊस सरला की परत येतात. माणदेशासारख्या दुष्काळी भागातील पुष्कळसे धनगर दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात घाट उतरून कोकणाकडे जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. घोड्याच्या पाठीवर बिराड बांधलेले असते. त्या बिराडातच भांडी, अंथरुणे, धान्य आणि कधी नुकतेच जन्मलेले कोकरूही असते. रात्री उघड्या रानात जाळीचे कुंपण उभे करून मेंढ्या कोंडतात. या जाळीला वाघूर असे नाव आहे.

मेंढपाळ आणि शेतकरी यांचे नाते फार जुने आहे. पीक निघाल्यावर शेत मोकळे होते. तेव्हा शेतकरी धनगराला आपल्या रानात मेंढ्या बसवावयास सांगतो. मेंढ्यांना काढणीनंतर उरलेला पाला मिळतो आणि त्यांच्या लेंड्यांनी व मुताने जमिनीला उत्तम खत मिळते. त्याच्या मोबदल्यात शेतकरी धनगराला धान्य किंवा रोख रक्कम देतो. एकाला चारा हवा असतो, दुसऱ्याला खत हवे असते. दोघांचीही गरज एकाच रात्रीत भागते.

दख्खनच्या पठारावरील मेंढीची लोकर जाड व राठ असते. तिची मऊ शाल होत नाही. पण घोंगडी मात्र उत्तम होते. मेंढ्या कातरल्यावर लोकर निवडतात व पिंजतात. मग घरातील स्त्रिया तिचे सूत कातितात. हे सूत मागावर चढवून घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. ती अधिक मऊ असल्यामुळे तिच्या घोंगडीला मान असतो. घोंगडी थंडीत ऊब देते. तिची खोळ करून डोक्यावर घेतली म्हणजे पावसाची सर अंगाला लवकर भिजवीत नाही. तीच अंथरता येते आणि तीच पांघरताही येते. ज्याला आपले सारे घर पाठीवर घेऊन चालायचे आहे, त्याला एकाच वस्तूचे असे अनेक उपयोग व्हावे लागतात.

घोंगडी हे जसे धनगराच्या हातांचे धन, तशी ओवी हे त्याच्या वाणीचे धन होय. रात्री कळप स्थिरावला, की किंवा देवळासमोर मंडळी जमली, की ओवी सुरू होते. प्रथम देवांचे स्मरण करतात. त्याला 'सुंबरान' म्हणतात. 'स्मरण' या शब्दाचेच हे लोकांच्या तोंडी घडलेले रूप आहे. मग मुख्य गायक कथेचा एक भाग गाऊन सांगतो आणि साथीदार त्याचा सूर उचलतात. गाणे थांबले म्हणजे तोच भाग साध्या बोलण्यात उलगडून सांगितला जातो आणि पुन्हा गाणे सुरू होते. बिरोबा, धुळोबा, म्हसकोबा या देवांच्या कथा, तसेच खंडोबा आणि धनगरकन्या बाणाई यांची कथा या ओव्यांतून येते. अशी एक कथा संपूर्ण ऐकावयास रात्र अपुरी पडते. विशेष हे की, यांतील कित्येक गायकांना लिहितावाचता येत नव्हते. शेकडो ओळींचा हा ग्रंथ त्यांनी केवळ स्मरणात जपला. त्या ओळींत डोंगर, नद्या, घाटवाटा आणि गावे यांची नावे क्रमाने येतात. त्यामुळे ओवी ही जशी देवाची कथा आहे, तशीच ती वाटेचीही नोंद आहे.

या ओवीचे मोल परदेशातील एका विद्वानाने ओळखले. गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) हे जर्मन पंडित महाराष्ट्रात आले, मराठी शिकले आणि धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांच्याबरोबर राहिले. त्यांनी गायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या मेंढपाळांच्या देवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला व १९८९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. जी गाणी आजवर केवळ माळाने ऐकली होती, त्यांचा अभ्यास जगातील विद्यापीठांत होऊ लागला. मराठी साहित्यातही मेंढपाळांच्या जीवनाचे दर्शन घडले. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. माणदेशातील एका धनगरवस्तीवर आलेल्या तरुण शिक्षकाची ती कथा आहे.

औद्योगिक वसाहतीच्या अगदी जवळ पट्टणकोडोली हे गाव आहे. येथे विठ्ठल-बिरदेवाचे देवस्थान आहे. दसरा झाल्यानंतर आश्विन महिन्यात येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतून धनगर लोक येतात. बिरोबा, बिरदेव हा कन्नड मुलखात बीरप्पा म्हणून ओळखला जातो आणि तेथील कुरुबा मेंढपाळ त्याची भक्ती करतात. त्यामुळे यात्रेत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा कानी पडतात. भंडारा, खोबरे आणि लोकर यांची उधळण होते. माणसे, ढोल आणि वाटा हळदीने पिवळ्या होऊन जातात. मोठमोठे धनगरी ढोल घुमू लागतात, कैताळांचा नाद होतो व गजीनृत्य रंगते. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी आलेले फरांडेबाबा हातात तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि भाकणूक सांगतात. या भाकणुकीत पाऊस, पीक आणि धान्याचे भाव यांचा उल्लेख असतो. मेंढपाळ काय आणि शेतकरी काय, दोघांचेही सुखदुःख पावसाच्या हाती असल्यामुळे ते ऐकण्यास सारा समुदाय कान टवकारून उभा राहतो.

धनगर समाजाने महाराष्ट्राच्या इतिहासातही मोठे स्थान मिळविले. मल्हारराव होळकर (१६९३-१७६६) हे याच समाजातले. आपल्या पराक्रमाने त्यांनी माळव्यात सत्ता स्थापन केली. त्यांची सून अहिल्याबाई होळकर (१७२५-१७९५) यांनी न्यायी कारभार केला आणि देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. कागलशीही या समाजाचा एक ऐतिहासिक ऋणानुबंध आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज यांनी जातिभेद मोडण्यासाठी मराठा आणि धनगर यांच्यात विवाहसंबंध व्हावेत असा आग्रह धरला. महाराजांचे निधन १९२२ साली झाले; परंतु पुढे १९२४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील कन्येचा विवाह इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी झाला.

आज मात्र मेंढपाळाची वाट पूर्वीसारखी सोपी राहिलेली नाही. मोकळी गायराने कमी झाली. जेथे पूर्वी मेंढ्या चरत, तेथे कोठे उसाचे मळे आहेत, कोठे घरे आहेत, तर कोठे कारखाने आहेत. रुंद महामार्ग ओलांडताना कळपाला धोका असतो. स्वस्त आणि हलकी पांघरुणे बाजारात आल्यामुळे घोंगडीची मागणी घटली व लोकरीला भाव येईना. सर्वांत अवघड प्रश्न मुलांच्या शिक्षणाचा आहे. शाळा एका गावी असते आणि बिराड मात्र चालत असते. आईबापांबरोबर गेले तर शाळा सुटते. शाळेसाठी गावी राहिले तर आईबाप दूर राहतात. कित्येक मुले आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकतात. कित्येक तरुणांनी काठी खाली ठेवली असून ते कारखान्यांत कामास जातात. पाळीचे काम नियमित असते, महिन्याचा पगार ठरलेला असतो आणि मुलांची शाळा बुडत नाही. तेव्हा त्यांनी हा मार्ग पत्करला तर त्यांना दोष कसा द्यावा?

तथापि शिक्षण आणि मेंढपाळी यांत वैर असलेच पाहिजे असे नाही. कागल तालुक्यातील यमगे या गावच्या एका मेंढपाळाच्या मुलाने अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व केंद्रीय लोकसेवा आयोगाची २०२४ सालची परीक्षा दिली. एप्रिल २०२५ मध्ये तिचा निकाल लागला, तेव्हा तो बेळगाव भागात मेंढ्या चारीत होता. यशस्वी उमेदवारांच्या यादीत आपले नाव आल्याची वार्ता त्याला रानातच कळली. काठी हातात असणे ही लाजेची गोष्ट नव्हे आणि पुस्तक हातात घेणे म्हणजे काठीला विसरणे नव्हे, हे या घटनेने अनेकांच्या मनावर बिंबविले.

लाज हीच खरी घातक असते. याचे उदाहरण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सापडते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर मिगमॉ नावाचे मूळचे लोक राहतात. मासेमारी व शिकार करून, ऋतूंप्रमाणे किनारा आणि अरण्य यांत जा-ये करीत ते शतकानुशतके जगत आले. पुढे त्यांच्या मुलांना घरापासून दूर अशा निवासी शाळांत ठेवण्यात आले. नोव्हा स्कोशिया प्रांतातील अशी एक शाळा १९३० पासून १९६७ पर्यंत चालू होती. तेथे मातृभाषेत बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. मुलांना आपल्या भाषेची भीती वाटू लागली. मोठी झाल्यावर त्यांनी ती आपल्या मुलांना शिकविली नाही. एका पिढीचे मौन दुसऱ्या पिढीची भाषा हिरावून घेते, ते असे. परंतु त्या लोकांनी धीर सोडला नाही. त्यांनी आपल्या शाळांतून भाषा पुन्हा शिकविण्यास आरंभ केला. २०२२ साली नोव्हा स्कोशियाने कायदा करून मिगमॉ भाषा ही त्या भूमीची मूळ भाषा असल्याचे मान्य केले. आज तेथील मुले त्या भाषेत पुन्हा गाणी गातात.

धनगरांच्या बोलीला तशी शिक्षा कोणी केली नाही. परंतु शब्द शिक्षेनेच मरतात असे नाही; ते वापरले गेले नाहीत तरीही मरतात. वाघूर न पाहिलेल्या मुलाला वाघूर हा शब्द कसा सुचणार? जावळाची लोकर हाती न घेतलेल्या मुलीला तिचे नाव कोण सांगणार? ओवी गाणारा वृद्ध गेला आणि ती कोणी शिकून घेतली नाही, तर शेकडो ओळींचा एक ग्रंथच त्याच्याबरोबर जातो. त्याची दुसरी प्रत कोठेही नसते.

सुदैवाने जतनाची साधने आज पूर्वीपेक्षा सुलभ झाली आहेत. सोंथायमर यांना ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन रानोमाळ हिंडावे लागले. आज तसे साधन जवळजवळ प्रत्येक घरात भ्रमणध्वनीच्या रूपाने आले आहे. धनगरी ओव्या व गजीनृत्ये त्यातून दूरदूरच्या लोकांपर्यंत पोहोचतात. संयुक्त राष्ट्रसंघानेही २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. मेंढपाळांच्या ज्ञानाची गरज जगाला आहे, हेच यावरून दिसून येते. तरीही यंत्र केवळ आवाज साठवू शकते. ओवी जिवंत ठेवण्याला माणसाचा कंठच लागतो.

कारखान्याचा भोंगा होतो. पाळी संपवून एक तरुण घरी परततो. अंगणात त्याचे आजोबा घोंगडीवर बसलेले असतात. त्या तरुणाने हातपाय धुऊन त्यांच्याजवळ बसावे आणि म्हणावे, "आजोबा, सुंबरान मांडा." मग ती जुनी ओवी पुन्हा एकदा आरंभ पावते, आणि माळावरील दिव्यांच्या झगमगाटातही मेंढरांच्या वाटा हरवत नाहीत.