एक साठा, अनेक संगणक

भोर भागातल्या माणसाला साठवण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण त्याच्या रोजच्या पाहण्यातले. तिथे सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी साठते, नीरेतून वीरला जाते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी दूरदूरच्या शेतांना पोचते. शेतागणिक वेगळे धरण कोणी बांधीत नाही. संगणकांसाठीही अशीच एक सामाईक साठवण उभारता येते. तिला स्टोरेज एरिया नेटवर्क, थोडक्यात ‘सॅन’, म्हणतात.

तिची गरज का पडते? समजा, एका शाळेत वीस संगणक आहेत. प्रत्येकाच्या पोटात त्याची त्याची डिस्क. एक निम्मी रिकामी, तर दुसरी ठासून भरलेली. हजेरी एका संगणकावर, दहावीचे गुण दुसऱ्यावर. आणि एखाद्या रात्री वीज कडाडून एक संगणक जळाला, की त्याच्याबरोबर मुलांचे वर्षभराचे गुणही गेले!

सॅनमध्ये या डिस्का एका पेटीत एकत्र ठेवतात आणि पेटी व संगणक यांच्यामध्ये स्वतंत्र जाळे टाकतात. त्यासाठी फायबर चॅनेल ही वेगवान पण महाग रीत आहे. २००४ साली आयस्कझीचे मानक ठरले, तेव्हापासून साध्या इथरनेटच्या तारांवरूनही हे काम होते.

आता एक फरक नीट ध्यानात घ्या. ‘नॅस’ नावाची दुसरी सोय आहे. ती वाणसामानाच्या दुकानासारखी. तुम्ही फाइल मागायची, दुकानदाराने काढून द्यायची. सॅनचं तसं नाही. ती फाइल देत नाही, मोकळी जमीन देते. जमिनीला जसा गट क्रमांक, तसा या तुकड्याला ‘लन’ क्रमांक. त्यावर काय पेरायचे, कुठे पेरायचे, ते संगणकाने ठरवायचे.

मोठा धोका इथेच आहे. एकच तुकडा दोन संगणकांना दिला तर काय होईल? रिकामी जागा कोणती, याची नोंद प्रत्येकजण आपल्यापाशी ठेवतो. दोघांनाही तीच जागा मोकळी दिसते, दोघेही तिथेच लिहितात, आणि सारा मजकूर नासतो. पाण्याच्या पाळीला जसा पाटकरी लागतो, तसा इथेही लागतो. त्या पाटकऱ्याचे नाव क्लस्टर फाइल सिस्टीम. तो नसेल, तर एक तुकडा एकाच संगणकाला द्यावा.

उभारणीचा क्रम असा. प्रथम डिस्का ‘रेड’ पद्धतीने जोडाव्यात. ४ टेराबाइटच्या चार डिस्का ‘रेड-५’ मध्ये लावल्या, तर १२ टेराबाइट जागा वापराला मिळते आणि एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहते. मग साठवणीसाठी वेगळा स्विच घ्यावा. इंटरनेटची वर्दळ त्यावर येऊ देऊ नये. जमल्यास पेटीपर्यंत दोन वाटा ठेवाव्यात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालते. त्यानंतर तुकडे पाडून कोणता कोणाचा हे पेटीत नोंदवावे. शेवटी पेटी आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्यावेत. लिहिता लिहिता वीज जाणे फार घातक.

पण शिक्षकबंधूंनो, दहा-वीस संगणकांच्या शाळेने सॅनच्या मागे लागू नये. फाइली वाटून घ्यायला साधी नॅस पुरते. जिथे अनेक सर्व्हर अहोरात्र चालतात, अशा संस्थांना सॅन परवडते आणि शोभतेही.

दोन्हींना लागू पडणारी एक गोष्ट राहिली. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे भागातले पानशेत धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. सर्वांचा साठा एकत्र आला, की सर्वांचा धोकाही एकत्र येतो. ‘रेड’ डिस्क बिघडल्याची भरपाई करते. चोरी, आग किंवा चुकून पुसलेली फाइल यांची करीत नाही. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि वर्षातून दोनदा ती उघडून पाहा. न उघडलेल्या प्रतीच्या भरवशावर राहणे म्हणजे कणगीत न डोकावता बियाणे आहे असे धरून चालणे. पेरणीच्या दिवशी ते कळून काय उपयोग?