समुद्र महाडच्या पलीकडे, मग भोरचा कंटेनर न्हावाशेव्याला का?

भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड. वेल्ह्याकडून मढे घाटानेही माणूस कोकणातच उतरतो. महाडजवळून सावित्री वाहते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबतं खाडीतून आत यायची, आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरायचा. मग आज नसरापूर-शिरवळ पट्ट्यातल्या कारखान्याचा कंटेनर पुणे, एक्सप्रेसवे असा वळसा घेऊन न्हावाशेव्याला का जातो?

एक कारण जुनं आहे. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली (इंग्रज त्याला 'भोर घाट' म्हणत, आपल्या भोरशी गल्लत नको) आणि देशावरचा माल मुंबईकडे ओढला गेला. खाड्यांत गाळ साचत राहिला, जहाजं मात्र मोठी होत गेली.

दुसरं कारण बंदर प्राधिकरणाच्या कामात आहे. प्राधिकरण स्वतः व्यापार करत नाही. मार्केट यार्डासारखं समजा: बाजार समिती जागा, रस्ते, गाळे देते, सौदे व्यापारी करतात. 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेव्यातही प्राधिकरण जागा आणि धक्के भाड्याने देतं, जहाजांची वाट खोल ठेवतं. टर्मिनल कंपन्या चालवतात. हे बंदर केंद्राकडे आहे. दिघी, बाणकोटसारखी छोटी बंदरं राज्याच्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, जे 1996 मध्ये स्थापन झालं. राज्याच्या 720 किलोमीटर किनाऱ्यावर अशी 48 बंदरं मोजली जातात. बहुतेक ठिकाणी प्रवासी होड्या आणि मासेमारीच जास्त.

आता खरी मेख. निर्यातदाराला नुसता धक्का पुरत नाही. भरायला रिकामा कंटेनर हवा, कस्टम्स हवं, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या देशाला जाणारं जहाज हवं. हे सगळं जिथे माल जास्त तिथेच जमतं. माल नाही म्हणून जहाज येत नाही, जहाज नाही म्हणून माल येत नाही. सागरी मंडळ सवलती देऊन, खासगी विकासक आणून हे चक्र फोडायचा प्रयत्न करतं. राजपुरी खाडीवरचं दिघी हे त्याचंच उदाहरण. ते 2021 मध्ये अदानी समूहाकडे गेलं.

पण समजा दिघीला नियमित कंटेनर जहाज लागलं, तरी आपला ट्रेलर तिथे पोचणार कसा? वरंध्याची वळणं पाहिलीत ना? पावसाळ्यात दरड कोसळते, घाट जड वाहनांना बंद होतो. आणि घाटातला रस्ता काही सागरी मंडळाच्या अखत्यारीत येत नाही.