रक्तातला विळा

ऐन धानकापणीत गडचिरोलीला गेलो होतो. विळे दिसणार हे ठाऊक होते. ते रक्तात दिसतील असे मात्र वाटले नव्हते! एका डॉक्टरमित्राने सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली. एरवी चकतीसारख्या गोल तांबड्या पेशी, पण त्यांतल्या कित्येक विळ्यासारख्या वाकलेल्या. हाच सिकलसेल. शिकागोच्या डॉ. हेरिकनी १९१० साली तो प्रथम नोंदला. गडचिरोलीत १९८०च्या दशकात डॉ. अभय व राणी बंग यांनी पाहणी करून त्याचा माग काढला. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १०-२०. शिवाय ताठर. फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकली की छाती दुखते, धाप लागते. प्रसंगी जीवही जातो.

रक्त एका शाळकरी पोरीचे होते. तिच्या आईनेही डोकावून पाहिले.

"हा त इळाच आहे जी!" मग हळूच म्हणाली, "माह्याकडून आला का?"

"तुमच्याकडून अन् तिच्या बापाकडूनही," डॉक्टर म्हणाले. दोघांतही एकेक दोष लपलेला, आजार कोणालाच नाही. पण प्रत्येक मुलामागे चारांत एक धोका.

धाकटा तिच्या कडेवर होता. तिने मुकाट्याने त्याचे बोट पुढे केले.