परदेशी विमानतळावर पैसे मोडताना

सावद्याच्या केळीला आखाती देशांची वाट पाठ झाली आहे. त्याच वाटेने खानदेशातले तरुणही नोकरीस जातात. विमानातून उतरताच टॅक्सीला, चहाला तिथलेच चलन हवे. ते विमानतळावरील बँकेच्या खिडकीत मिळते. पण कोणत्या भावाने?

व्यापाऱ्याचा केळी घेण्याचा भाव निराळा आणि विकण्याचा निराळा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चलन हाही एक मालच. खिडकीवरील फलकावर असेच दोन आकडे असतात व त्यांतील अंतर ही बँकेची मिळकत. विमानतळावर हे अंतर शहरापेक्षा बहुधा मोठे असते, कारण जागेचे भाडे जबर आणि गिऱ्हाईक अडलेले. ‘कमिशन नाही’ या पाटीने हुरळून जाऊ नये. ते भावातच मुरवलेले असते.

दुबईचेच पाहा. तेथील दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे ताडून पाहण्यास पक्का आकडा हाताशी आहे. समजा, खिडकीवर ३.५० चा भाव मिळाला, तर ५०० डॉलरचे १८३६ ऐवजी १७५० दिरहम येतील. नव्या नोकरदाराचे काही दिवसांचे जेवण तिथेच गेले! रुपयाचा भाव मात्र रोज हलतो. म्हणून रुपये देऊन दिरहम घेणाऱ्यास आपण किती नागवलो गेलो हे चटकन कळतही नाही. निघण्यापूर्वी त्या दिवशीचा बाजारभाव टिपून ठेवावा.

सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या सामान्य भारतीय प्रवाशाला अवघे आठ डॉलर नेता येत. आज एका प्रवासात बहुतेक देशांसाठी ३००० डॉलरपर्यंत नोटा मिळतात, बाकीची रक्कम कार्डावर घेता येते. हे चलन जळगाव-भुसावळच्या अधिकृत विक्रेत्याकडे आधी चौकशी करून, दोन-तीन ठिकाणचे भाव विचारून घ्यावे. रुपये ५०,००० हून अधिक असतील तर रोख चालत नाहीत, बँकेमार्फत द्यावे लागतात.

उतरल्यावर खिडकीत टॅक्सी व एका दिवसाच्या जेवणापुरतेच मोडावे; उरलेले शहरात. पावती जपावी. नाणी सहसा कोणी परत घेत नाही, ती तिथेच खर्चावीत. आणि एटीएम यंत्राने ‘हिशेब रुपयांत करू का?’ असे विचारले, तर सरळ नाही म्हणावे. त्या सोयीचा भाव यंत्रवाला स्वतः ठरवतो.