रोशा तेलाची जागा शिवारात नव्हे, कोठीत

शंभर किलो ओलं रोशा गवत भट्टीत गेलं, की हाती जेमतेम अर्धा किलो तेल लागतं. कधी त्याहूनही कमी. वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी किडींचा बंदोबस्त करण्याचा विचार खानदेशात करायचा, तर या आकड्यापासूनच सुरुवात करायला हवी. काम तसं सरळ आहे. फुलोऱ्यात आलेलं गवत कापायचं, डेगेत दाबून भरायचं, खालून वाफ द्यायची. गार नळीतून वाफ उतरली, की भांड्यात पाणी साचतं आणि त्यावर फिकट पिवळा, पातळ थर धरतो. तेच तेल. बोटाला लागलं तरी गुलाबासारखा वास बराच वेळ जात नाही, कारण त्याचा बहुतांश भाग जिरॅनिऑल असतो आणि तेच द्रव्य गुलाबातही असतं. 19व्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या पट्ट्यात अशा भट्ट्या लागत. ते तेल मुंबईमार्गे इस्तंबूलपर्यंत जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. खानदेशाने हे तेल जगाच्या अत्तरासाठी गाळलं. आता त्याने आपल्या धान्याकडे पाहावं.

या तेलांकडे वळण्याची गरज खरी आहे. 2017मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तशीच कपाशी, तसाच पाठीवरचा पंप जळगाव-धुळ्यातही आहे. सुगंधी तेलांतले अनेक घटक किडीच्या मज्जासंस्थेतल्या ऑक्टोपामिनच्या कामात अडथळा आणतात. माणसाच्या शरीरात या द्रव्याला तेवढं महत्त्व नाही, म्हणून किडीला घातक ठरणारी मात्रा आपल्याला सहसा तितकी बाधत नाही. शिवाय तेल उडून जातं, मागे अवशेष फारसे राहत नाहीत. पण नेमका हाच गुण उघड्या शेतात दोष ठरतो. एकरी 200 लिटर पाणी आणि एक टक्का तेल धरलं, तर एका फवारणीला 2 लिटर तेल लागेल. शंभर किलोला अर्धा किलो या हिशेबाने त्यासाठी साडेतीनशे किलोंहून जास्त गवत गाळावं लागेल, आणि ऊन-वाऱ्यात त्याचा प्रभाव फार काळ टिकणार नाही. तीव्रता वाढवली तर पानं करपतात. गुलाबी बोंडअळी तर डोमकळीत आणि बोंडात शिरून बसलेली असते. तिथवर हा वास पोचत नाही. शेतासाठी 5 टक्के निंबोळी अर्क आणि कामगंध सापळे हेच अधिक भरवशाचे. 5 किलो निंबोळीच्या भुकटीत 100 लिटर अर्क होतो आणि निंबोळी बांधावरच मिळते. उन्हात त्याचीही ताकद घटते, म्हणून तो संध्याकाळी फवारायचा.

कोठीतला हिशेब मात्र पूर्ण वेगळा आहे. झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या कोठीत तुरी-हरभऱ्यावर हेच तेल उडून जात नाही, दाण्यांमधल्या हवेत भरून राहतं. भुंग्याची मादी दाण्यावर अंडं चिकटवते. बारीक पांढरा ठिपका दिसतो. अळी त्या ठिपक्याखालूनच दाणा पोखरत आत जाते आणि पुढे गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत रोशा तेलाच्या वाफेने भुंगे मरतात, मादी अंडी कमी घालते. तिथे मात्रा लिटरभर हवेमागे मायक्रोलिटरमध्ये मोजतात. म्हणजे शंभर किलोला अर्धा किलो हा तुटपुंजा उतारा इथे मुळीच तुटपुंजा राहत नाही. तुरीला एरंडेल चोळून ठेवण्याची घरोघरची रीतही याच दिशेची: तेलाच्या थराने अंड्याचा श्वास कोंडतो.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. दाण्याच्या आत शिरलेल्या अळीवर वाफेचा जोर कमी चालतो; म्हणून आधी कडक उन्हात वाळवणं सुटत नाही. डाळीला वास लागू शकतो. खाण्याआधी ती पसरून वारा द्यावा लागेल. बियाण्याच्या उगवणीवर परिणाम होण्याची शक्यता असते. थोड्या दाण्यांवर तपासल्याशिवाय ते वापरू नये. आणि वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असं तर अजिबात नाही. तंबाखूतलं निकोटीनही वनस्पतीचंच. पण तुलना कशाशी करायची, हे विसरून चालणार नाही. आज कितीतरी घरांत धान्यात अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि त्याच खोलीत मुलं झोपतात. डाळीला चार दिवस गुलाबाचा वास येणं ही या धोक्यापुढे अगदी किरकोळ किंमत आहे.

तरीही ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही बाटलीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. 1968च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी, घटकांचं प्रमाण आणि मात्रा लेबलावर पाहूनच ती घ्यावी. आणि धुळ्याचं कृषी महाविद्यालय, जिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं यांच्याकडे आग्रह धरावा तो खानदेशी कोठीत, खानदेशी तुरीवर, पावसाळाभर घेतलेल्या चाचणीचा. क्विंटलला किती तेल, किती दिवसांनी पुन्हा आणि खर्च किती, एवढी तीन उत्तरं मिळाली, तर सातपुड्याच्या उतारावरचं गवत गाळणाऱ्याला गावातच गिऱ्हाईक मिळेल आणि झोपायच्या खोलीतून ती गोळी हद्दपार होईल.